स्क्रिप्ट म्हणते ‘सगळं ठीक’, मग बिल का छापलं जात नाही? विंडोज सर्व्हिस तपासणाऱ्या स्क्रिप्टमधल्या चुका कशा शोधायच्या

जून उजाडला की पुण्याच्या बुधवार पेठेतल्या अप्पा बळवंत चौकात पाय ठेवायला जागा नसते. शाळेची यादी हातात धरलेले पालक, वह्यांचे गठ्ठे आणि काउंटरवर बिलासाठी लागलेली रांग. अशा वेळी बिलाचा प्रिंटर गप्प बसला किंवा बिलिंगचं सॉफ्टवेअर ‘डेटाबेस सापडत नाही’ म्हणालं, तर दहा मिनिटांत दुकान ठप्प होतं.

यावर अनेक दुकानांत, क्लासेसमध्ये आणि छोट्या कार्यालयांत एक सोपा उपाय केलेला असतो. कॉम्प्युटर सांभाळणारी व्यक्ती एक छोटी स्क्रिप्ट लिहून ठेवते. ती दर काही मिनिटांनी विंडोजच्या महत्त्वाच्या सर्व्हिस सुरू आहेत का ते पाहते आणि बंद पडलेली दिसली तर मेसेज पाठवते. अडचण येते ती या स्क्रिप्टलाच एरर आल्यावर. त्याहून मोठी अडचण म्हणजे एरर येऊनही तिने ‘सगळं ठीक’ सांगत राहणं.

या स्क्रिप्टमध्ये नेमकं काय बिघडतं आणि ते कसं शोधायचं, ते समजून घेऊ. (या लेखात कमांडची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. कॉम्प्युटरवर ती इंग्रजी अक्षरांत टाइप करायची आहेत.)

विंडोज सर्व्हिस म्हणजे काय?

आपण उघडतो तो प्रोग्रॅम पडद्यावर दिसतो. सर्व्हिस मात्र पडद्यामागे चालते. कॉम्प्युटर सुरू झाला की कोणी लॉगिन करण्याआधीही ती सुरू होऊ शकते. छपाईची रांग सांभाळणारी ‘प्रिंट स्पूलर’, बिलिंग सॉफ्टवेअरचा डेटाबेस चालवणारी ‘एसक्यूएल सर्व्हर’, रात्री बॅकअप घेणारी सर्व्हिस, अँटिव्हायरस, ही त्याची उदाहरणं.

या सगळ्यांवर विंडोजमधला ‘सर्व्हिस कंट्रोल मॅनेजर’ लक्ष ठेवतो. त्याच्या नोंदीत सर्व्हिसची सात स्थिती असू शकतात: थांबलेली, सुरू होत असलेली, थांबत असलेली, चालू, पुन्हा चालू होत असलेली, विराम घेत असलेली आणि विराम घेतलेली. त्यांना १ ते ७ असे क्रमांक आहेत. ‘४’ म्हणजे चालू आणि ‘१’ म्हणजे थांबलेली.

स्क्रिप्ट स्वतः काही तपासत नाही. ती या मॅनेजरला विचारते आणि मिळालेलं उत्तर वाचते. त्यासाठी बहुतेक वेळा पॉवरशेलमधली ‘गेट-सर्व्हिस’ ही कमांड किंवा ‘एससी’ हा जुना प्रोग्रॅम वापरला जातो.

उत्तरं दोन नाहीत, तीन आहेत

सर्व्हिस एक तर चालू असणार किंवा बंद, असं गृहीत धरून बहुतेक स्क्रिप्ट लिहिल्या जातात. पण विचारण्याचं काम मध्येच अडकू शकतं. नाव चुकलं, परवानगी नाही, समोरचा कॉम्प्युटर बंद आहे, अशी कितीतरी कारणं असतात. तेव्हा खरं उत्तर असतं ‘कळलं नाही’. हे तिसरं उत्तर स्क्रिप्ट ‘चालू’मध्ये टाकते, ‘बंद’मध्ये टाकते की वेगळं सांगते, यावर तिचा उपयोग ठरतो. खालच्या प्रत्येक एररकडे याच नजरेनं पाहायचं आहे.

स्क्रिप्ट सुरूच होत नाही

पहिला अडथळा असतो तो ‘या सिस्टिमवर स्क्रिप्ट चालवणं बंद आहे’ या अर्थाचा लाल मेसेज. हा बिघाड नाही. साध्या विंडोज कॉम्प्युटरवर पॉवरशेलचं ‘एक्झिक्युशन पॉलिसी’ हे सेटिंग मुळातच ‘रिस्ट्रिक्टेड’ असतं. ‘सेट-एक्झिक्युशन-पॉलिसी’ कमांडने आपल्या अकाउंटपुरतं ते ‘रिमोट-साइन्ड’ केलं की स्वतः लिहिलेल्या स्क्रिप्ट चालतात. इंटरनेटवरून उतरवलेली स्क्रिप्ट तरीही अडली, तर आधी ती उघडून वाचावी. खात्री पटल्यावरच ‘अनब्लॉक-फाइल’ने मोकळी करावी. पॉलिसी सरसकट ‘अनरिस्ट्रिक्टेड’ करून टाकणं टाळावं.

दुसरा अडथळा खास मराठी लिहिणाऱ्यांना भेटणारा आहे. स्क्रिप्टमध्ये ‘सर्व ओके’ असा मराठी मेसेज लिहिला, फाइल सेव्ह केली आणि ती चालवताच अवतरण चिन्ह पूर्ण झालेलं नाही अशी एरर आली. डोळ्यांनी पाहावं तर अवतरणं बरोबर दिसतात. मग चूक कुठे?

विंडोज १० आणि ११ सोबत येणारं पॉवरशेल ५.१ हे जुन्या पद्धतीचं आहे. फाइलच्या सुरुवातीला ‘बीओएम’ नावाची खूण नसेल, तर ते फाइल यूटीएफ-८ न समजता जुन्या युरोपीय अक्षरसंचात वाचतं. यूटीएफ-८ मध्ये ‘ओ’ हे अक्षर तीन बाइट्सचं बनतं. त्यातला तिसरा बाइट जुन्या संचात चक्क दुहेरी अवतरण चिन्ह असतो आणि पॉवरशेल तसं वळणदार अवतरणही खरं अवतरण मानतं. म्हणजे ‘ओके’ शब्द आला की वाक्य तिथेच संपलं असं त्याला वाटतं. ‘औ’चंही तसंच होतं. एकेरी अवतरणात ‘ऑफिस’ लिहिलं तर ‘ऑ’ तोच घोळ करतो. स्क्रिप्ट मोडली नाही तरी मेसेज वाचता न येणारा होतो.

उपाय सोपा आहे. नोटपॅडमध्ये ‘सेव्ह अ‍ॅज’ करताना ‘यूटीएफ-८ विथ बीओएम’ हा पर्याय निवडायचा. २०१९ पासून नोटपॅड नवी फाइल खुणेशिवाय सेव्ह करतं, त्यामुळे हे मुद्दाम करावं लागतं. वेगळं इन्स्टॉल करावं लागणारं पॉवरशेल ७ वापरलं तर ही अडचण येत नाही.

नाव बरोबर, तरी ‘अशी सर्व्हिस नाही’

‘एससी’ वापरताना एरर १०६० आली किंवा ‘गेट-सर्व्हिस’ने नाव सापडत नाही म्हटलं, तर तीन गोष्टी पाहायच्या.

पहिली, प्रत्येक सर्व्हिसला दोन नावं असतात. यादीत दिसतं ते दाखवायचं नाव, उदाहरणार्थ ‘प्रिंट स्पूलर’. विंडोजच्या नोंदीतलं नाव मात्र फक्त ‘स्पूलर’. स्क्रिप्टमध्ये नोंदीतलं नाव लागतं. ‘सर्व्हिसेस’ खिडकीत त्या सर्व्हिसवर डबल क्लिक केलं की ते सगळ्यात वर दिसतं.

दुसरी गोष्ट डॉलर चिन्हाची. एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेसच्या सर्व्हिसचं नेहमीचं नाव ‘एमएसएसक्यूएल$एसक्यूएलएक्सप्रेस’ असं असतं. पॉवरशेलमध्ये हे दुहेरी अवतरणात लिहिलं की $ नंतरचा भाग ते व्हेरिएबल समजतं. असं व्हेरिएबल नसल्यामुळे तिथे रिकामी जागा येते आणि शोध लागतो फक्त ‘एमएसएसक्यूएल’चा. असं नाव एकेरी अवतरणात लिहिलं की प्रश्न मिटतो.

तिसरी गोष्ट म्हणजे ‘एससी’ या अक्षरांचा पॉवरशेल ५.१ मध्ये वेगळाच अर्थ होतो. तिथे ते फाइलमध्ये मजकूर लिहिणाऱ्या ‘सेट-कंटेंट’ कमांडचं टोपणनाव आहे. ‘एससी क्वेरी स्पूलर’ असं लिहिलं तर सर्व्हिसची माहिती येत नाही. उलट ‘क्वेरी’ नावाची फाइल तयार होते आणि तिच्यात ‘स्पूलर’ हा शब्द लिहिला जातो. एरर येत नाही, उत्तरही येत नाही. म्हणून पॉवरशेलमध्ये नेहमी ‘एससी डॉट ईएक्सई’ असं पूर्ण नाव लिहावं.

हाताने चालते, शेड्युलरमधून चालत नाही

ही तक्रार फार नेहमीची आहे. कारण ‘टास्क शेड्युलर’ स्क्रिप्ट चालवतो तेव्हा परिस्थिती वेगळी असते.

- अकाउंट: टास्क कोणत्या अकाउंटने चालतो ते पाहावं. बहुतेक सर्व्हिसची स्थिती साध्या अकाउंटलाही वाचता येते, पण सर्व्हिस सुरू करायला अ‍ॅडमिन अधिकार लागतात. ते नसतील तर एरर ५, म्हणजे ‘परवानगी नाही’. त्यासाठी टास्कमध्ये ‘रन विथ हायेस्ट प्रिव्हिलेजेस’वर खूण करावी लागते.
- फोल्डर: ‘स्टार्ट इन’ची जागा रिकामी ठेवली तर स्क्रिप्ट विंडोजच्या ‘सिस्टिम३२’ फोल्डरमधून चालते. फक्त फाइलचं नाव देऊन लिहिलेला लॉग मग अपेक्षित जागी सापडत नाही. पूर्ण पत्ता द्यावा.
- नेटवर्क ड्राइव्ह: ‘झेड ड्राइव्ह’सारखी अक्षरं लॉगिन केलेल्या व्यक्तीपुरतीच असतात. शेड्युलरला ती दिसतीलच असं नाही.
- निकाल: ‘लास्ट रन रिझल्ट’मध्ये शून्य दिसलं म्हणजे स्क्रिप्ट शेवटपर्यंत गेली, एवढंच. मधल्या ओळींत एरर आल्या तरी शून्य दिसू शकतं.

दुसऱ्या कॉम्प्युटरची सर्व्हिस तपासताना

काउंटरवरून गोदामातला कॉम्प्युटर तपासायचा असेल तर एरर १७२२ भेटते. तिचा अर्थ ‘आरपीसी सर्व्हर उपलब्ध नाही’. समोरचा कॉम्प्युटर बंद आहे, नाव चुकलं आहे किंवा फायरवॉलने अडवलं आहे, यापैकी काहीही असू शकतं. ‘गेट-सर्व्हिस’ अशा वेळी ‘जास्त अधिकार लागतील’ असं सुचवतं आणि माणूस परवानग्या तपासत बसतो. खरं कारण अनेकदा साधं नेटवर्कचं असतं. आधी तो कॉम्प्युटर सुरू आहे का, हे पाहावं.

पॉवरशेल ७ वर आल्यावर जुनी स्क्रिप्ट इथे आणखी एका कारणाने मोडते. ‘गेट-सर्व्हिस’मधला ‘कॉम्प्युटर-नेम’ हा पर्याय पॉवरशेल ६ पासून काढून टाकला आहे. त्याऐवजी ‘इन्व्होक-कमांड’ वापरावी लागते. छोट्या दुकानात ती बसवणं किचकट ठरू शकतं. तिथे प्रत्येक कॉम्प्युटरने स्वतःला तपासून निकाल एका सामायिक फोल्डरमध्ये लिहिणं जास्त सोपं.

सगळ्यात धोकादायक: एरर गिळणारी स्क्रिप्ट

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. पडद्यावर लाल अक्षरं नकोत म्हणून स्क्रिप्टमध्ये ‘एरर-अ‍ॅक्शन सायलेंटली-कंटिन्यू’ असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ, एरर आली तरी गप्प राहा आणि पुढे चला. त्याखाली अट असते: सर्व्हिसची स्थिती ‘थांबलेली’ असेल तर मेसेज पाठव.

समजा, एका पुस्तकाच्या दुकानात दिवाळीच्या सुमारास बॅकअपचं सॉफ्टवेअर अपडेट झालं आणि त्याच्या सर्व्हिसचं नाव बदललं. जुन्या नावाची सर्व्हिस आता अस्तित्वात नाही. स्क्रिप्ट तिला शोधते, एरर येते, ती गिळली जाते. हातात काहीच उत्तर नसतं. ‘काहीच नाही’ हे ‘थांबलेली’ नसल्यामुळे अट लागू होत नाही. मेसेज जात नाही. नवी सर्व्हिस त्यानंतर कधी बंद पडली, हे कोणालाच कळत नाही. जूनमध्ये हार्ड डिस्क गेली की लक्षात येतं की शेवटचा बॅकअप कित्येक महिन्यांपूर्वीचा आहे. मधल्या काळातली बिलं, उधारी, जीएसटीचे हिशेब, सगळं गेलेलं असतं. स्क्रिप्ट मात्र तोपर्यंत एकदाही तक्रार न करता चालत होती.

यावर दोन बदल करायचे. पहिला, अट उलटी लिहायची. ‘थांबली असेल तर सांग’ असं न लिहिता ‘चालू आहे असं नक्की कळलं नाही, तर सांग’ असं लिहायचं. म्हणजे ‘बंद’ आणि ‘कळलं नाही’ या दोन्ही वेळा मेसेज येतो. दुसरा, ‘सायलेंटली-कंटिन्यू’च्या जागी ‘स्टॉप’ लिहून ती ओळ ‘ट्राय-कॅच’मध्ये ठेवायची. हा ‘स्टॉप’ महत्त्वाचा आहे. सर्व्हिस न सापडणं ही पॉवरशेलच्या लेखी स्क्रिप्ट थांबवण्याइतकी मोठी एरर नसते. त्यामुळे नुसतं ‘ट्राय-कॅच’ लिहिलं तर ‘कॅच’पर्यंत ती पोहोचतच नाही. ‘कॅच’मध्ये पोहोचलेली एरर वेळेसह लॉगमध्ये लिहावी आणि ‘तपासता आलं नाही’ असा स्पष्ट मेसेज पाठवावा.

थांबलेली प्रत्येक सर्व्हिस बिघडलेली नसते

उलट बाजूही पाहायला हवी. विनाकारण रोज वीस मेसेज आले तर माणूस ते वाचणं सोडून देतो आणि एकविसावा खरा मेसेज त्यात हरवतो.

‘मॅन्युअल’ प्रकारच्या सर्व्हिस गरज पडली की सुरू होतात आणि काम संपलं की थांबतात. बॅकअपच्या वेळी लागणारी ‘व्हॉल्यूम शॅडो कॉपी’ ही त्यातलीच. ती एरवी थांबलेली दिसणं हेच बरोबर. ‘ऑटोमॅटिक डिलेड स्टार्ट’ प्रकारच्या सर्व्हिस कॉम्प्युटर सुरू झाल्यावर मुद्दाम उशिरा सुरू होतात. म्हणून सकाळी दुकान उघडल्या उघडल्या तपासणी केली तर खोटी धोक्याची घंटा वाजते. पाच-दहा मिनिटं थांबून तपासावं.

‘डिसेबल्ड’ असेल तर तो कोणीतरी घेतलेला निर्णय असू शकतो. जुलै २०२१ मध्ये ‘प्रिंटनाइटमेअर’ नावाने ओळखल्या गेलेल्या त्रुटीमुळे प्रिंट स्पूलरमधून कॉम्प्युटरवर ताबा मिळवणं शक्य होतं. दुरुस्ती लागू करता येत नसेल तिथे स्पूलर बंद करण्याचा पर्याय मायक्रोसॉफ्टने दिला होता. अशा वेळी ‘बंद दिसली की सुरू कर’ असं करणारी स्क्रिप्ट मदतीऐवजी दार उघडून देते.

सुरू करताना येणाऱ्या एरर काय सांगतात?

- १०५३: सर्व्हिसने ठरलेल्या वेळेत, साधारण ३० सेकंदांत, प्रतिसाद दिला नाही. जुन्या, संथ कॉम्प्युटरवर सुरुवातीला हे होतं. ‘डिलेड स्टार्ट’ करून पाहावं.
- १०५८: सर्व्हिस ‘डिसेबल्ड’ आहे. का केली ते आधी विचारावं.
- १०६८: ही सर्व्हिस ज्या दुसऱ्या सर्व्हिसवर अवलंबून आहे, तीच सुरू झालेली नाही. ‘डिपेंडन्सीज’ टॅब पाहावा.
- १०६९: सर्व्हिसला लॉगिन करता आलं नाही. ती ज्या अकाउंटने चालते त्याचा पासवर्ड कोणीतरी बदललेला असण्याची शक्यता सगळ्यात जास्त. ‘लॉग ऑन’ टॅबमध्ये नवा पासवर्ड भरावा.

यापुढची माहिती ‘इव्हेंट व्ह्यूअर’च्या ‘सिस्टिम’ लॉगमध्ये मिळते. सर्व्हिस कंट्रोल मॅनेजरच्या नावाने आलेली ७००० क्रमांकाची नोंद म्हणजे सर्व्हिस सुरू होऊ शकली नाही. ७०३४ म्हणजे ती अचानक बंद पडली. ७०४० म्हणजे तिचा सुरू होण्याचा प्रकार कोणीतरी बदलला. एकाच सर्व्हिसच्या ७०३४ नोंदी रोज दिसत असतील, तर स्क्रिप्ट तिला परत परत सुरू करून मूळ आजार झाकत आहे, असं समजावं.

‘चालू’ म्हणजे काम होतंय असं नाही

स्पूलर चालू असतो, पण रांगेत एक बिघडलेलं बिल अडकलेलं असतं आणि मागची सगळी बिलं थांबतात. गेट-सर्व्हिसचं उत्तर खरं असतं, तरीही बिल छापलं जात नाही. म्हणून महत्त्वाच्या ठिकाणी सर्व्हिसच्या स्थितीसोबत तिच्या कामाचा पुरावाही तपासावा. रांगेत किती बिलं अडकली आहेत? बॅकअपची शेवटची फाइल कोणत्या तारखेची आहे, तिचा आकार किती आहे?

आणखी एक मर्यादा आहे. स्क्रिप्ट ज्या कॉम्प्युटरवर आहे तोच बंद पडला, तर ती काहीही सांगू शकत नाही. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या सदोष अपडेटमुळे मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज उपकरणं कोलमडली. मुंबईसह देशातल्या विमानतळांवर चेक-इन खोळंबलं आणि काही ठिकाणी प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. निळ्या पडद्यावर अडकलेल्या कॉम्प्युटरमधली कोणतीही स्क्रिप्ट ‘मी बंद पडलोय’ असा मेसेज पाठवू शकत नव्हती.

यावर साधा उपाय म्हणजे स्क्रिप्टने फक्त बिघाड झाल्यावरच बोलू नये. रोज ठरलेल्या वेळी ‘आज तपासणी झाली, इतक्या सर्व्हिस चालू’ असा एक मेसेज यावा. तो आला नाही, हीच धोक्याची सूचना.

स्क्रिप्टचीच परीक्षा कशी घ्यायची?

दुकान बंद असताना, गर्दी नसताना तीन चाचण्या कराव्यात.

१. प्रिंट स्पूलर हाताने थांबवावा. मेसेज यायला हवा.
२. यादीत मुद्दाम अस्तित्वात नसलेलं नाव घालावं. ‘तपासता आलं नाही’ असा मेसेज यायला हवा.
३. कॉम्प्युटर बंद ठेवावा. रोजचा मेसेज न आल्याचं कोणाच्या तरी लक्षात यायला हवं.

पहिली चाचणी बहुतेक स्क्रिप्ट पास होतात. दुसरीत आणि तिसरीत नापास होणाऱ्या जास्त असतात आणि खरं नुकसान तिथेच होतं. सॉफ्टवेअर अपडेट झालं, पासवर्ड बदलला किंवा नवा कॉम्प्युटर आला की या तीन चाचण्या पुन्हा कराव्यात. शाळा उघडण्याच्या आधी, मे महिन्यात, एकदा तरी नक्की. जूनच्या रांगेत उभ्या असलेल्या गिऱ्हाइकासमोर स्क्रिप्टची परीक्षा घेण्याची वेळ येऊ नये.